चांदा जिल्ह्यातला बर्फ

सिरोंच्यात जमीन गोठत नाही. जानेवारीच्या पहाटे प्राणहितेवर धुकं उतरतं, माणसं शेकोटीभोवती बसतात, पण बर्फ आमच्याकडे फ्रिजमध्येच दिसतो. उन्हाळ्यात तर या भागात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. असं असूनही, उष्ण कटिबंधातल्या भारतात कधीकाळी जमिनीवर बर्फ होता याचा एक अतिशय ठोस पुरावा आमच्याच जिल्ह्यातून छापून आला. साल होतं 1875.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो 1982 साली झाला. तेव्हा सगळा मिळून चांदा. सिरोंचा त्या चांद्यात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी ते स्वतःच एका जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. निजामाने 1860 मध्ये गोदावरीच्या डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांना दिला आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा उभा राहिला. तो 1874 मध्ये मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं.

आता यात मी कुठे येतो ते सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझं काम एका मॉडेलच्या कोडवर आहे, आणि ते मॉडेल गोठलेल्या जमिनीत उष्णता आणि पाणी कसं सरकतं याचा हिशोब करतं. थंड देशांत रस्ते, पाइपलाइन, इमारतींचे पाये यांच्यासाठी असे हिशोब लागतात. गोठलेली जमीन मी स्वतः अजून पाहिलेली नाही. सिरोंच्याचा मुलगा पुण्यात बसून उणे 10 अंशांच्या मातीचा हिशोब करतो, यावर घरी बरेच विनोद होतात. पण या कामामुळेच मला आमच्या जुन्या जिल्ह्यातला तो बर्फ सापडला. आणि मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा, हे मला त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून कळलेलं नाही.

कोळसा शोधायला गेले आणि

गोष्ट सुरू होते ओडिशात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआय तेव्हा नवं होतं आणि सरकारला त्याच्याकडून मुख्यतः दगडी कोळसा हवा होता. 1856 मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड, त्याचा भाऊ हेन्री आणि विल्यम थिओबाल्ड हे तिघं तालचेरच्या कोळसाक्षेत्रात काम करत होते. तिथे कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र खडक दिसला. अगदी बारीक गाळ, आणि त्या गाळात मधेमधे रुतलेले मोठमोठे धोंडे.

यात विचित्र काय? बारीक गाळ संथ पाण्यातच बसतो, आणि संथ पाणी धोंडा वाहून आणू शकत नाही. धोंडा आणेल एवढ्या जोराच्या पाण्यात गाळ बसत नाही. पूर ओसरल्यावर आमच्या नदीकाठी कोणीही हे पाहू शकतं. जिथे गोटे तिथे गाळ नाही, जिथे गाळ तिथे गोटे नाहीत. मग दोन्ही एका जागी आले कसे? ब्लॅनफर्ड मंडळींनी उत्तर दिलं, बर्फ. पाण्याच्या तळाशी आणि काठाशी बर्फ धरतो, त्यात दगड अडकतात, बर्फ तरंगत जातो आणि वितळला की दगड खालच्या गाळात पडतात. या तळाच्या बर्फाला ते 'ग्राउंड आइस' म्हणत.

ओडिशात बर्फ! लोकांनी शंका घेतली यात नवल नाही. गाळातले धोंडे हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. बर्फाची सही हवी होती.

ती मिळाली चांदा जिल्ह्यात. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा शोध चालू होता. तालचेरसारखाच खडक इथेही कोळशाच्या थरांखाली होता आणि कोळसा शोधणाऱ्यांना त्याची ओळख पटणं फार गरजेचं होतं, कारण त्याच्या खाली कोळसा नाही. बोअर तिथपर्यंत पोचलं की खोदाई थांबवायची. या सर्वेक्षणात असलेल्या फ्रान्सिस फेडनला पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ हा खडक थेट जुन्या चुनखडीवर बसलेला दिसला. (चंद्रपूर शहराला लागून वाहते ती इरई नदी वेगळी.) जिथे वरचा थर झिजून गेला होता, तिथे खालची चुनखडी उघडी पडली होती. ती घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर समांतर ओरखडे होते. वरच्या थरातल्या धोंड्यांवरही तसेच ओरखडे.

नदी दगड गोल करते, गुळगुळीत करते. पण ती सरळ, समांतर रेघा ओढत नाही. तसं करायला दगड एखाद्या जड वस्तूत घट्ट पकडलेला हवा आणि ती वस्तू एकाच दिशेने सरकायला हवी. सरकणारा बर्फ हेच करतो. फेडनने 1875 मध्ये जीएसआयच्या नियतकालिकात तीन पानांची टिपण वजा नोंद छापली. तिच्या शीर्षकातच उष्ण कटिबंधातल्या भारतातला 'ग्राउंड आइस' होता.

समीकरण तयारच होतं

आता जरा माझ्या बाजूने ही गोष्ट पाहू. 1875 मध्ये उष्णतेचं गणित माहीत नव्हतं, म्हणून लोक गोंधळले का? मुळीच नाही.

जोसेफ फूरियेचं उष्णतेवरचं पुस्तक 1822 चं. जमिनीतून उष्णता कशी झिरपते याचा हिशोब त्याने त्यात पक्का केला होता. दिवसाचं ऊन काही सेंटिमीटर खोल जातं आणि विरतं. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक मात्र त्याच्या जवळपास 19 पट खोल पोचतो, कारण वर्षाचे दिवस 365 आणि 365 चं वर्गमूळ साधारण 19. जुन्या घरांतली तळघरं मे महिन्यात थंड का असतात, ते या एका आकड्यात आहे.

गोठण्याचंही गणित झालेलं होतं. पाणी गोठताना एक अडचण असते. शाळेत आपण अप्रकट उष्मा शिकलो ना, तोच. एक किलो पाणी एक अंशाने थंड करायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या साधारण 80 पट उष्णता तेच पाणी शून्य अंशावर गोठवायला काढावी लागते. त्यामुळे गोठण्याची रेषा जमिनीत सावकाश उतरते, आणि जितकी खाली जाते तितकी आणखी सावकाश, कारण उष्णतेला आता वर यायला जाड गोठलेला थर ओलांडावा लागतो. गॅब्रिएल लामे आणि एमिल क्लापेरॉन यांनी 1831 मध्ये दाखवलं की गोठलेला थर दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ लागतो. व्हिएन्नाच्या योसेफ स्टेफानने पुढे ध्रुवीय मोहिमांनी मोजलेल्या बर्फाच्या जाडीवर हे गणित ताडून पाहिलं. आज हा प्रश्न त्याच्याच नावाने ओळखला जातो.

हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होतो. समजा ओल्या मातीत तीन दशांश भाग पाणी आहे आणि वर 100 दिवस सरासरी उणे 10 अंश तापमान आहे. तर जमीन साधारण पावणेदोन-दोन मीटर खोल गोठते. आता त्याच सूत्रात सिरोंच्याचा हिवाळा घाला. शून्याखालचे दिवस किती? एकही नाही. उत्तर येतं शून्य मीटर. सूत्र अचूक, आकडेमोड अचूक आणि इरईच्या दगडावरचे ओरखडे तसेच समोर.

इथे एक शब्द समजावून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. कुठल्याही मॉडेलला फक्त समीकरण देऊन भागत नाही. कडेला काय चाललंय तेही सांगावं लागतं. जमिनीच्या वरच्या कडेला हवा किती थंड, खालच्या कडेला पृथ्वीची उष्णता किती, पाण्याला बाजूने वाट आहे की नाही. याला 'सीमा-अट' म्हणतात. समीकरण जगभर एकच असतं. सिरोंचा आणि सायबेरिया यांच्यात फरक पडतो तो सीमा-अटीमुळे.

गोठणं म्हणजे वाळणं

उष्णतेची बाजू झाली. पाण्याची बाजू कळायला आणखी शंभर वर्षं लागली.

योगायोग असा की ब्लॅनफर्ड तालचेरचे धोंडे पाहत होते त्याच 1856 मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर हेन्री दार्सीने आपला अहवाल छापला. वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचा साधा नियम त्यात होता. तो पूर्ण भिजलेल्या वाळूचा. अर्धवट ओल्या मातीचं समीकरण लॉरेन्झो रिचर्ड्‌सने 1931 मध्ये दिलं. माती वाळत जाते तशी ती उरलेलं पाणी अधिक जोराने धरून ठेवते आणि ओल्या भागातून पाणी स्वतःकडे ओढते, हे त्याच्या मुळाशी आहे.

याच सुमारास अमेरिकेत स्टीफन टेबर एका जुन्या प्रश्नामागे लागला होता. थंड देशांत हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते, रस्ते फुगतात, कुंपणाचे खांब वर येतात. पाणी गोठताना फुगतं म्हणून असं होतं, असा सर्वांचा समज. पण पाणी गोठताना साधारण 9 टक्केच फुगतं आणि जमीन त्याहून कितीतरी जास्त उचलली जाते. टेबरने पाण्याऐवजी बेंझीनसारखे द्रव मातीत भरून गोठवले. हे द्रव गोठताना फुगत नाहीत, उलट आकसतात. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे कारण फुगणं नव्हतं. गोठणारा थर खालून नवा द्रव ओढून घेत होता आणि त्याचे पदर साचवत होता.

माती गोठते तेव्हा तिच्यातलं सगळं पाणी एकदम बर्फ होत नाही. मातीच्या कणांना चिकटलेला पातळ थर शून्याखालीही पाणीच राहतो. बाकीचं बर्फ झालं की वाहतं पाणी कमी उरतं आणि माती ते घट्ट धरते. मातीच्या दृष्टीने पाण्याची वाफ झाली काय आणि बर्फ झाला काय, सारखंच. ती कोरडीच झाली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सिरोंच्याची काळी माती आठवली. मे महिन्यात तिला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा थर वाळतो, खालची ओल वर ओढतो, आकसतो, फाटतो. गोठलेल्या जमिनीच्या मॉडेलमध्ये पाण्याची जी ओढ असते ती याच जातीची. माझ्या कोडमध्ये मातीचा एकच आलेख दोन्हीकडे चालतो, वाळण्याला आणि गोठण्याला. आर. एल. हार्लनने 1973 मध्ये उष्णता आणि पाणी यांची समीकरणं एकमेकांत गुंफून संगणकावर सोडवली. आज वापरात असलेली बरीच मॉडेलं त्या वाटेनेच पुढे गेली आहेत.

खडूची भुकटी

सीमा-अट किती नाजूक असते याचा एक सुंदर प्रयोग आपल्या पुण्यातच झाला आहे. तिथे 1932 पासून हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग एल. ए. रामदास यांनी उभा केला. उघड्या काळ्या जमिनीचं उन्हातलं तापमान ते आणि त्यांचे सहकारी मोजत. त्यांनी काळ्या मातीवर खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ थर पसरून पाहिला. माती तीच, ऊन तेच, खालचं पाणीही तेच. फक्त वरचा रंग बदलला आणि खालपर्यंतची जमीन लक्षणीय थंड राहिली.

समीकरणात काहीही बदललं नव्हतं. बदलली होती ती फक्त कड.

आता परत इरईला. फेडननंतर कित्येक दशकं भूवैज्ञानिकांसमोर असा पेच होता. भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, सगळीकडे साधारण एकाच काळातल्या बर्फाच्या खुणा. त्यांतल्या कित्येक आजच्या उष्ण प्रदेशांत. सगळे जण एक गोष्ट गृहीत धरत होते, की भारत तेव्हाही इथेच होता. मग बर्फ आणायचा कुठून? कोणी उंच पठारं कल्पिली. कोणी खंडांच्या मध्ये बुडालेले भूपूल कल्पून समुद्रप्रवाह वळवले. अमेरिकेतले चार्ल्स शुकर्ट आणि बेली विलिस 1932 मध्येही भूपुलांचीच बाजू मांडत होते. माणसं हुशार होती. आतलं सगळं पुन्हा पुन्हा तपासत होती आणि कडेला मात्र हात लावत नव्हती.

आल्फ्रेड वेगेनरने 1912 मध्ये त्या कडेलाच हात घातला. त्याने म्हटलं, खंडच सरकलेत. सगळे दक्षिणेकडचे तुकडे एकत्र आणा, तो बर्फ दक्षिण ध्रुवाभोवती गोळा होतो. त्याच्या पुराव्यांत भारतातल्या या प्राचीन हिमयुगाला मोठं स्थान होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या अलेक्झांडर दु तोइतने 1937 च्या पुस्तकात ही बाजू आणखी भक्कम केली. तरी बहुतेकांना ते पटलं नाही, कारण खंड सरकवणारी शक्ती कोणती, याचं उत्तर नव्हतं.

निकाल फिरवायला मदत केली ती आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाने. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्यावरून तो दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या लाव्हावरची अशी मोजमापं 1956 मध्ये प्रसिद्ध केली. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थिजला तेव्हा दख्खन दक्षिण गोलार्धात होता. इरईचा बर्फ त्याहून कितीतरी जुना, जवळपास 30 कोटी वर्षांपूर्वीचा, जेव्हा भारत अंटार्क्टिकाला चिकटलेला होता.

आज त्या एकत्र खंडाला जग गोंडवन म्हणतं. शब्द आपल्या घरचा. जीएसआयच्या हेन्री मेडलिकॉटने गोंडांच्या मुलखावरून इथल्या खडकांना ते नाव दिलं आणि एडुआर्ड झ्यूसने 1885 मध्ये ते अख्ख्या खंडाला लावलं. चांद्याच्या गोंड राजांचं राज्य बुडून तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.

ओरखडा हे थर्मामीटर

इरईच्या ओरखड्यांत आणखी एक मजकूर आहे, तो वाचायला मात्र मॉडेल लागतं.

बर्फाची जाड चादर तळापर्यंत कडक गोठलेली असेल तर ती खालच्या खडकाला चिकटून बसते. वरचा बर्फ वाहत राहतो, तळ जवळजवळ हलत नाही. खडक घासायला तळ सरकावा लागतो आणि तळ सरकायला तिथे पाण्याचा थर लागतो. म्हणजे तळाचं तापमान बर्फ वितळण्याच्या बिंदूवर असायला हवं. वरून थंडी, खालून पृथ्वीची उष्णता, शिवाय घर्षणाची उष्णता, आणि बर्फाचं स्वतःचं वजन. या सगळ्यांचा हिशोब त्या तळाशी शून्य अंशाच्या आसपास येऊन ठेपला, तरच रेघ उमटते.

फेडनला 'ग्राउंड आइस' वाटलं ते पुढच्या अभ्यासकांनी हिमनदीचं काम म्हणून वाचलं. ए. जे. स्मिथने 1963 मध्ये इरईचा हा पृष्ठभाग पुन्हा अभ्यासून हिमनदीचीच बाजू मांडली. अर्थ बदलला, पण मूळ नोंद टिकली. कारण फेडनने आधी काय दिसतं ते लिहिलं होतं, का दिसतं ते नंतर.

आणि हे खोरं तिथेच संपत नाही. इरईजवळ पैनगंगा वर्धेला मिळायला निघते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते. नद्यांच्या या वाटेवर खडक वयाने लहान होत जातात. आधी बर्फाचा गाळ. त्यावर बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा, म्हणजे बर्फ हटल्यावर वाढलेली दलदलीतली झाडं. मग लाल चिकणमाती. आणि सिरोंच्याच्या आसपास कोटा नावाचा ज्युरासिक काळातला थर, ज्यात पोचमपल्लीच्या परिसरात 1960 च्या सुमारास बारापासॉरस या प्रचंड डायनासोरची हाडं मिळाली. वडधमचं जीवाश्म उद्यान याच भागातलं. सुमारे दहा कोटी वर्षांत हवा बर्फापासून डायनासोरांपर्यंत गेली. उष्णतेचा नियम तोच राहिला. जमीन उत्तरेला सरकत राहिली.

2023 चा ऑक्टोबर

हे सगळं आत्ता कशाला, असं कोणी विचारेल. त्यासाठी एकाच महिन्यातल्या दोन घटना सांगतो.

3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठावरचा उतार सरोवरात कोसळला. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा तो उतार गोठलेला होता. पुढच्या अभ्यासानुसार जवळपास 1.47 कोटी घनमीटर माल एकदम पाण्यात गेला. लाट उसळली, सरोवर फुटलं आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-3 धरण वाहून गेलं. गोठलेल्या जमिनीचं मॉडेल भारतात कशाला हवं, याचं हे उत्तर. वरची कड तापते आहे, आणि आतला बर्फ किती उरला हे वरून दिसत नाही.

21 ऑक्टोबर 2023 ला गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. या बंधाऱ्याचं एक टोक सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीला आहे, जिथून डायनासोरची हाडं निघाली तिथेच. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पथकाने पायाखालची वाळू पाण्याबरोबर निसटल्याचं कारण दिलं, आणि नियोजन, आराखडा, गुणवत्ता, देखभाल या सगळ्यांतल्या त्रुटी नोंदवल्या. वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम दार्सीने 1856 मध्येच दिला होता. तो कोणाला माहीत नव्हता असं नाही.

एक घटना बर्फाची, एक वाळूची. एक 5,000 मीटरहून उंच, एक आमच्या दारात. दोन्हीकडे कळीचा प्रश्न हिशोबाच्या कडेला आहे. वर हवा किती तापली? खाली पाण्याला वाट कुठून मिळते? ही उत्तरं कोणत्याही समीकरणातून निघत नाहीत. ती जागेवर जाऊन, खोदून, मोजून, वर्षानुवर्षं नोंद ठेवूनच मिळतात. मॉडेलच्या कोडमध्ये अशी प्रत्येक मोजणी एका ओळीचा आकडा असते. तो आकडा नसेल तर आम्ही तिथे जवळच्या कुठल्यातरी ठिकाणाचा आकडा भरतो, आणि मॉडेल तेवढ्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं. स्क्रीनवर दोन्ही उत्तरं सारखीच सुबक दिसतात.

आमच्या भागात पुढच्या काळात अशी बरीच उत्तरं येणार आहेत. पूररेषा कुठवर, बॅकवॉटर कुणाच्या मिरचीच्या शेतात जाईल, कुठलं गाव हलवायचं. तेव्हा ग्रामसभेत कोणी रंगीत नकाशा उलगडला, तर समीकरण कोणतं वापरलं हे विचारण्यात वेळ घालवू नका, ते बहुधा बरोबरच असेल. पाण्याची पातळी कुठे मोजली, किती वर्षं मोजली, वाळू किती खोल आहे हे कोणी खोदून पाहिलं, आणि 2022 च्या जुलैत पाणी आमच्या कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं हे त्या नकाशात दिसतं का, ते विचारा.